मशीनच्या पोटातलं वानर

आवाजावर माणसांचं एकमत कधी होत नाही. रंगावर होतं, वासावर होतं, फार काय, भाजीतल्या मिठावरसुद्धा होतं. पण इंजिनातून येणारा आवाज दहा जणांना ऐकवा, दहा जण दहा गोष्टी सांगतील आणि अकरावा म्हणेल, मला तर काहीच ऐकू येत नाही. हे अकरावे बहुतेक वेळा आमचे साहेब असत.

मी तेव्हा सरकारी बोअरच्या मशीनवर मेकॅनिक होतो. मशीन म्हणजे दोन ट्रक. एकावर खडक फोडणारा मनोरा, दुसऱ्यावर हवेचा भला मोठा कॉम्प्रेसर. हवा दाबून खाली सोडायची, त्या हवेनं हातोडा आपटायचा, खडकाचा भुगा वर उडवायचा, असं ते काम. कॉम्प्रेसर चालवणाऱ्या इंजिनाला टर्बो होता. टर्बो म्हणजे काय हे मला इतक्या लोकांना सांगावं लागलं की माझं एक वाक्य पाठच झालं होतं: इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून पाइपातून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त जोर. लोक मान डोलवायचे आणि विचारायचे, "पर पानी लागंल ना?"

गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक गाव होतं. वर वीतभर माती आणि खाली नुसता काळा पाषाण. गावाला दोन बोअर मंजूर होते. एक गावात, शाळेजवळ. दुसरा बौद्धवाड्यात. दिवस नामांतराच्या भांडणाचे होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून गावागावांत माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली होती. बौद्धवाड्यातल्या पहिल्याच भिंतीवर निळ्या अक्षरांत नामांतराची घोषणा लिहिलेली होती आणि गावातून येणारा माणूस ती भिंत आली की दुसरीकडे बघत चालायचा. मी नवा, सरकारी, दोन्हीकडचा चहा पिणारा. मला वाटायचं, आपलं काम पाण्याचं, आपल्याला काय त्याचं. तेव्हा मला बरंच काही वाटायचं.

आधी कुठला बोअर घ्यायचा, हे आम्ही यायच्या आधीच ठरलेलं होतं. शाळेजवळचा घेतला. पाणी चांगलं लागलं. सरपंचांनी आमच्या ऑपरेटरला आणि मला मारुतीच्या पारावर बसवून टॉवेल-टोपीचा आहेर केला. ग्रीसनं माखलेल्या हातांनी आम्ही त्या पांढऱ्याशुभ्र टोप्या घेतल्या आणि केबिनमध्ये सीटखाली टाकल्या. मग दोन्ही ट्रक वाजतगाजत बौद्धवाड्यात नेले. बायकांनी चाकांवर पाणी घातलं. मनोरा उभा केला, कॉम्प्रेसर चालू केला, आणि इंजिनानं निळा धूर सोडायला सुरुवात केली. टर्बो गेला. तेल खाऊन, दांडा ढिला होऊन, साफ गेला.

तेवढ्यापुरता मी कुणावर चिडलो नाही. पार्ट जुना होता, केव्हातरी जायचाच. मी तो काढला, ऑपरेटरला म्हणालो, "पाइपांची उघडी तोंडं सगळी नीट बांधून घ्या, माती जाता कामा नये," आणि एसटी पकडून परभणीला नवा आणायला गेलो. आमचा ऑपरेटर पाथरीचा. वयानं माझ्यापेक्षा बराच मोठा, माणूस सोन्यासारखा. पण जेवण झालं की त्याला सावली लागायची आणि सावली मिळाली की झोप लागायची. त्यानं तोंडं बांधली, नाही असं नाही. कशानं बांधली आणि किती बांधली, तो भाग वेगळा.

नव्या टर्बोबरोबर वर्कशॉपमधले मोठे मिस्त्री आले. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. निजामाच्या काळातल्या मोटारींवर हात बसलेला माणूस. त्यांच्यापुढे बोलायची आमची टाप नव्हती. त्यांनी टर्बो बसवला, नव्या पॅकिंगा टाकल्या, नवे रबरी होज लावले, तेलाची नळी बदलली, हवेचा फिल्टर नवा घातला. इंजिन चालू करून स्क्रूड्रायव्हरचं टोक टर्बोवर आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटून ऐकलं.

"बिल्कुल सही हाय. आता बिनघोर चालवा."

"उस्ताद, लोड देऊन बघायचं का एकदा?" मी विचारलं.

"लोडवर काय बगायचं? नवीन हाय. रुळंल."

संध्याकाळची गाडी पकडून उस्ताद गेले. माझ्या चिडचिडीचा जन्म इथला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा बौद्धवाडा जमलेला. ऑपरेटरनं इंजिन चालू केलं. मऊ, गोल, एकसारखा आवाज. मलाही बरं वाटलं. त्यानं लोड दिला, म्हणजे कॉम्प्रेसरला हवा दाबायला लावली. इंजिनानं जोर धरला, आणि त्याच्या पोटातून आवाज आला, हुप्प. थोडं थांबून पुन्हा, हुप्प. मग लागोपाठ हुप्प हुप्प हुप्प, आणि धुराड्यातून काळाकुट्ट धूर. ऑपरेटरनं लोड सोडला. पुन्हा सगळं मऊ आणि गोल, जणू काही झालंच नाही.

"वानर बसलंय आत," ऑपरेटर म्हणाला.

मी पुन्हा लोड द्यायला लावला. पुन्हा वानर. लोड काढला, वानर गप्प. या गप्प होण्यानंच माझं डोकं फिरलं. बिघाड असेल तर त्यानं सरळ बिघडून दाखवावं. हे म्हणजे शाळेतल्या खोडकर पोरासारखं, मास्तर वळले की हाताची घडी.

बघायला सरपंच आले होते. त्यांच्या मते गिरणीचा पट्टा सैल झाला की असंच वाजतं. त्यांच्याबरोबरचा एक जण म्हणाला, डिझेलात पाणी आहे. दुसरा म्हणाला, दमा झालेला माणूस असाच खोकतो. एकानं मला गाडी थोडी मागेपुढे करून बघायला सांगितली. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "आता कुणी बोलू नका, मला ऐकू द्या." त्यावर सगळे ऐकायला पुढे सरकले आणि मला इंजिनापर्यंत पोचता येईना.

बौद्धवाड्यातली एक मावशी घागर कमरेवर घेऊन उभी होती. साठीची, आवाज खणखणीत. बायकांत तिचा शब्द चालायचा. ती म्हणाली, "मला तर कायबी येगळं वाटंना. गावातला बोअर घेतला तवाबी असंच कोकलत व्हती की."

"तसं नव्हतं मावशी. तेव्हा शिट्टीसारखा आवाज होता. तो बरोबर असतो. हा वेगळाय."

"मशिन तर चालायलीय. मग बंद कामून केली?"

आता तिला कसं सांगू? टर्बो असा धक्के खात चालवला की दांडा मोडतो, चक्राचे तुकडे होतात, ते इंजिनात जातात आणि मग कॉम्प्रेसर वर्षभर परभणीच्या वर्कशॉपात धूळ खात पडतो. मी हे सांगितलं. माझं पाठ केलेलं वाक्यही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या टायमालाच बरा आवाज यायलाय."

तिला तसं म्हणायचा हक्क होता. त्यांचं पाणी यायचं एका मळ्यातल्या विहिरीवरून. मालकाची मोटार चालू असेल तेव्हा, आणि मालकाची मर्जी असेल तेव्हा. भिंतीवर निळी घोषणा लिहिल्यापासून ती मर्जी अधूनमधून आजारी पडायची. हा बोअर झाला की त्या विहिरीवर जायचं काम नव्हतं. हे मला कळत होतं. म्हणूनच तिचं वाक्य लागलं आणि म्हणूनच मी आणखी चिडलो.

साहेबांना कळवायला हवं होतं. गावच्या पोस्टात फोन होता. तास-दीड तास ताटकळल्यावर परभणी लागली.

"साहेब, टर्बो बसवला, पण लोडवर आवाज येतोय."

"आवाज येतोय म्हणजे नेमकं काय?"

"हुप्प असा येतोय."

"काय?"

"हुप्प!"

"नीट बोला, ऐकू येत नाहीये."

मी पोस्टाच्या खिडकीशी उभा राहून, मनिऑर्डरसाठी बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसमोर, परभणीच्या साहेबांना घसा ताणून वानराचा आवाज काढून दाखवला. लागोपाठ येतो तसा लागोपाठ काढला. पोस्टमास्तरांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

साहेब म्हणाले, "उस्ताद तर म्हणतात फिटिंग एकदम बरोबर आहे. हे बघा, मशीन पुढच्या गावाला द्यायचीय. उद्या संध्याकाळपर्यंत बोअर होत असेल तर करा, नाहीतर उचला."

"आणि इथला बोअर?"

"पुढच्या वर्षी घेऊ."

पुढच्या वर्षी. सरकारात राहिलेल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. बौद्धवाड्यातल्या माणसांनाही तो सांगावा लागला नाही. मी परत येऊन सांगितलं तेव्हा कुणी ओरडलं नाही. मावशीनं घागर उचलली आणि मळ्याकडे चालू लागली. त्यांच्यातले कॉलेजला जाणारे दोन-तीन तरुण मात्र भिंतीला टेकून उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "साहेब, खरं सांगा. कुनी सांगितलं तुमाला मशीन बंद करायला?"

"टर्बोनं सांगितलं!" मी खेकसलो.

तो हसला नाही. मला त्याचा राग आला, पण खरा राग त्या उस्तादांचा, साहेबांचा, ऑपरेटरच्या झोपेचा आणि इंजिनात बसलेल्या त्या वानराचा होता. आवाज दाखवता येत नाही, हाच घोळ होता. तुटलेला दांडा हातात धरून सांगता आलं असतं, हे बघा. आवाज कसा धरणार? आणि त्या दिवसांत त्या भिंतीपाशी सरकारी माणसानं नुसतं "माझ्यावर विश्वास ठेवा" म्हणायचं, तर कशाच्या जोरावर?

मी कामाला लागलो. साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडावर फासलं. कुठं हवा गळत असेल तर बुडबुडे यावेत. एक बुडबुडा नाही. धुराकडची पॅकिंग तपासली, जागेवर. टर्बो सोडवून बोटानं चक्र फिरवलं. लोण्यासारखं फिरलं, कुठं घासत नव्हतं, दांडा हलत नव्हता. तेल व्यवस्थित पोचत होतं. हवेचा नवा फिल्टरच खराब असेल म्हणून तो काढून तसंच चालवलं. लोड दिला, हुप्प. म्हणजे फिल्टर निर्दोष. नवे होज काढून जुने लावले. हुप्प. जुने काढून पुन्हा नवे लावले. या सगळ्यात ऑपरेटर माझ्या मागे नट-बोल्टचे पाने घेऊन उभा, आणि प्रत्येक वेळी निकाल लागला की म्हणायचा, "मी तर सकाळीच सांगितलं, खामखा मेहनत चाललीय." सकाळी त्यानं वानर सांगितलं होतं, हे तो विसरला होता.

आमच्या या धडपडीला एक कायमचा प्रेक्षक होता. वस्तीतला एक म्हातारा. तो मशीन आल्यापासून तिथं होता. सकाळी यायचा, ट्रकपासून चार हात लांब दगडावर बसायचा, दिवस मावळला की जायचा. मुलं मशीनला हात लावायला आली की हाकलायचा, शेळी आली की हुसकायचा. त्याला हे काम कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याच्या डोक्यावर टोपी होती, मी परभणीहून आलो तेव्हापासून बोडखा दिसायचा. त्या वयाचा माणूस उन्हात बोडख्यानं बसलेला चटकन डोळ्यांत भरतो. ऑपरेटरनं मला सांगितलं, "नवस केलाय म्हनं, पानी लागल्याबिगर टोपी घालायची न्हाई." सरपंचांबरोबर आलेल्यांना वाटलं, म्हाताऱ्याच्या नात्यात कुणी गेलं असेल. आणि ते कॉलेजातले तरुण त्याच्यावर वैतागायचे. "बाबा, नवस-बिवस सोडा आता. आपन काय करायलोय, तुमी काय करायलाय." म्हातारा टकलावरचा घाम पुसायचा आणि इंजिनाकडे बघत बसायचा. मी एकदा त्याला म्हणालो होतो, "बाबा, सावलीत बसा, ऊन लागेल." तो म्हणाला, "लागू द्या. तुमी करा तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटर सामान आवरायला लागला. दोर, डबे, पाणी प्यायची कळशी. त्याच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. मी मात्र इंजिनापुढे मांडी घालून बसलो आणि पहिल्यापासून विचार केला. हवा आत येण्याची वाट मोकळी आहे, फिल्टर काढून बघितलंय. टर्बो स्वतः मोकळा आहे. कुठं गळती नाही. मग टर्बोनं दाबलेली हवा जाते कुठं? जात नसेल, तर ती मागे उसळी मारणार. मागे उसळली की हुप्प. पुन्हा दाबणार, पुन्हा उसळणार. वानर टर्बोत नव्हतंच. ते पुढच्या वाटेवर, टर्बोकडून इंजिनात जाणाऱ्या लोखंडी पाइपात बसलं होतं.

पण तो पाइप मी बघितला होता. टॉर्च मारून बघितला होता, आरशासारखा स्वच्छ. शिवाय त्या पाइपाला कुणी हातच लावला नव्हता. उस्तादांनी सगळं नवं टाकलं, तो तेवढा जुना. आणि आम्ही सगळे नव्या पार्टांवर संशय घेत बसलो होतो. मग लक्षात आलं, पाइपाला पुढे कोपरा आहे. टॉर्चचा उजेड कोपऱ्यात वळत नाही.

"पाइप पूर्ण काढायचा," मी म्हणालो.

"आवो साहेब, त्याला समद्या डिझेलच्या नळ्या सोडाव्या लागत्यात. फिजूल काम. संध्याकाळी निघायचंय."

"काढायचा म्हणजे काढायचा!"

मी इतक्या जोरात ओरडलो की माणसं गोळा झाली. बौद्धवाड्यातली झालीच, सामान आवरायला लागल्याचं कळून सरपंच आणि त्यांची माणसंही निरोप द्यायला आलेली. सगळ्यांच्या देखत आम्ही नळ्या सोडल्या, इंजिनाकडचे बोल्ट काढले. एका बोल्टनं माझ्या बोटाचं सालपट काढलं, तेव्हा मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. पाइप बाहेर आला. मी तो उभा धरून झटकला. काही पडलं नाही. कोपऱ्यात वाकडी तार घालून ओढली.

काळं, तेलकट, चुरगाळलेलं कापड बाहेर आलं. मला वाटलं, पुसायची चिंधी. हातात घेऊन उलगडलं, तर टोपी. आपली नेहमीची, दोन टोकांची, एका काळी पांढरी असलेली टोपी.

सगळे एकदम बोलले.

"बघा!" कालचा तो तरुण पुढे आला. "आमी म्हनत व्हतो ना? कुनीतरी मुद्दाम कोंबली. आमच्यात बोअर होऊ न्हाई म्हनून!"

"तोंड सांभाळून बोल," सरपंचांबरोबरचा एक जण म्हणाला. "मशिन कुनाच्या दारात उभी हाय? तुमच्या. रातंदिस इथं कोन असतंय? तुमीच."

"आमी आमच्याच पान्यात खोडा घालू?"

"तुमचं काय सांगावं. बोंबलायला निमित्त लागतंय तुमाला."

दोघेही एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात. सरपंच मधे पडले, पण त्यांचं कुणी ऐकेना. ऑपरेटरनं मला बाजूला ओढलं. "साहेब, चला. पाइप जोडू आनि गाडी काढू. इथं मारामारी व्हनार, मशिनीला दगड बसनार. कोन जिम्मेदार?" तो खोटं बोलत नव्हता. एक दगड पडला असता तर मशीन त्या गावाला पुन्हा कधीच आली नसती, ना पुढच्या वर्षी, ना त्याच्या पुढच्या. आणि मी तिथं मधोमध ती टोपी हातात धरून उभा. काल आवाज धरता येत नव्हता म्हणून रडत होतो, आज तो हातात होता आणि तोच सगळ्यांना भडकवत होता.

"ती माजी हाय."

आवाज मोठा नव्हता. दगडावरचा म्हातारा उठून उभा राहिला होता.

"माजी हाय ती. मी घातली."

तरुण त्याच्याकडे बघतच राहिला. "बाबा, काय बोलायलाय तुमी?"

म्हातारा माझ्याकडे वळला. "तुमी परभनीला गेलता. ह्यो मशिनवाला लिंबाखाली झोपला व्हता. वावटळ आली लय मोठी. पायपाच्या तोंडाला बांधलेली चिंधी उडून गेली. माती आत जायला लागली. तुमी जाताना म्हनले व्हते, माती जाता कामा न्हाई. माज्यापशी दुसरं काय न्हवतं." मग घाईघाईनं म्हणाला, "मशिनीला हात न्हाई लावला बगा. टोपीच नुसती आत सरकवली. उडू न्हाई म्हनून काठीनं लांब ढकलली."

ऑपरेटर आपल्या चपलांकडे बघायला लागला. सरपंचांबरोबरचा तो गृहस्थ "चला, उन्हं वर आली" असं काहीतरी पुटपुटत मागे सरकला. तरुणाची मूठ अजून वळलेलीच होती, पण आता तिचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. नवस नव्हता, कुणी गेलं नव्हतं, कुणी मुद्दाम कोंबली नव्हती. एक माणूस डोक्यावरची टोपी देऊन उघड्या डोक्यानं आमच्यासमोर बसला होता. आम्ही तिच्यावर तीन-तीन गोष्टी रचल्या आणि त्याला कुणी सरळ विचारलं नाही.

मी टोपी ट्रकच्या पायरीवर ठेवली आणि पाइप जोडायला घेतला. ऑपरेटरनं न सांगता पाने पुढे केले. इंजिन चालू झालं, लोड दिला. वानर नव्हतं. जोर चढत गेला तशी टर्बोची बारीक, एकसुरी शिट्टी वर वर चढत गेली आणि तिथंच स्थिर झाली. आयुष्यात इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता. मावशी लांबून ओरडली, "आता बरा आला म्हना की!" म्हणजे तिला फरक कळत होता. पहिल्या दिवसापासून कळत असणार.

दुपारभर हातोडा चालला. आधी पांढरी धूळ, मग ओली माती, मग राखाडी चिखल, आणि उन्हं कलता कलता पाण्याचा फवारा मनोऱ्याच्या अर्ध्यापर्यंत उडाला. पोरं त्याखाली नाचली. बायकांनी घागरी लावल्या, पाणी गढूळ आहे म्हणून सांगितलं तरी लावल्या. साहेबांनी दिलेल्या मुदतीत काम झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण दोन दिवसांचा वैताग अजून अंगात होता आणि तो कुठंतरी काढायचा होता.

म्हातारा वाहत्या पाण्याशी उकिडवा बसून टोपी धूत होता. मी केबिनमधून आहेरात मिळालेली कोरी टोपी काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"बाबा, ही घ्या. ती आता निघायची नाही."

त्यानं वर बघितलं. "ऱ्हाऊ द्या. माजी हाय की." आणि चोळत राहिला. पाणी काळं होऊन वाहत होतं, टोपी राखाडी व्हायला तयार होती, पांढरी व्हायला नव्हती.

मग मला राहवलं नाही. "बाबा, अहो एक शब्द बोलला असतात! दोन दिवस मी इथं जीव काढतोय, तुम्ही समोर बसलाय. मशीन परत चालली होती. तुमचा बोअर गेला होता. आवाज टोपीचा आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, मान्य. पण नवा टर्बो बसवला, टोपी कुठं दिसली नाही, तेव्हा मागायची तरी! माझी टोपी कुठंय, एवढंच."

"मला वाटलं, तुमी काढून टाकली आसंल."

"मी का टाकीन?"

त्यानं टोपी पिळली, झटकली, दोन्ही टोकं ओढून सरळ केली.

"माजी व्हती म्हनून."

हे तो रागानं म्हणाला नाही. आज वारं कुठल्या बाजूचं आहे हे सांगावं तसं म्हणाला. मी हातातली कोरी टोपी घडी करून खिशात घातली. त्यानं ओली टोपी डोक्यावर घातली, उठला, आणि मावशीची भरलेली घागर उचलायला हात लावायला गेला.